कामाचा शेंदूर

पाना कडूबाच्या हातातून सुटला आणि वकिलांच्या नव्या काचेपासून वीतभर अंतरावर आदळला. फरशीचा टवका उडाला. काच मुंबईची होती, फरशी शहाबादची होती आणि वकील मलकापूरचे होते. त्यामुळे सगळ्यांनी आधी काचेकडं पाहिलं.

“हात ओला व्हता,” कडूबा म्हणाला.

हात ठणठणीत कोरडा होता. मी शेजारीच उकिडवा बसलो होतो, मला दिसत होतं. पाना उचलायला त्यानं उजवा हात पुढे केला, मग काही आठवल्यासारखा मागे घेतला आणि डाव्यानं उचलला.

“काऊन बे कडूबा, म्हातारा झाला काय?” मी म्हटलं.

“तुमच्या आंधी नाही होत, गुलाबभाऊ. काळजी नोका करू.”

सगळे हसले. तोही हसला. पण उजवा हात त्यानं मांडीखाली दाबून धरला होता, चोरीचा माल लपवावा तसा.

अनंतराव वकिलांच्या ओसरीवर तेव्हा समुद्राची तयारी चालली होती. महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. “आपल्या राज्याला आता समुद्र आहे,” वकील कोर्टाच्या आवारात सांगत सुटले होते, “मग मलकापूरकरांनी तो नकाशातच पाहायचा काय?” खरं कारण वेगळं होतं. जिनिंगवाल्या शेटजींनी बग्गीला दोन पांढरेशुभ्र घोडे आणले होते आणि ती बग्गी रोज संध्याकाळी वकिलांच्या दारावरून जायची. वकिलांना घोड्याहून मोठं काहीतरी हवं होतं. घोड्याहून मोठा हत्ती. पण हत्ती खातो फार. समुद्राला खायला लागत नाही.

लोहारानं लोखंडी अँगलचा सांगाडा केला, त्यात चारी बाजूंनी काच उभी केली. वर फळीवर एक पिंप. पिंपातलं पाणी नळानं टाकीत उतरणार आणि खालून हातपंपानं पुन्हा वर चढणार. पाणी हलतं राहिलं नाही तर समुद्रातला मासा गुदमरतो, असं वकिलांनी कुठंसं वाचलं होतं. पहिल्या खेपेला विहिरीचं पाणी भरून पाहिलं, तर सकाळपर्यंत टाकी रिकामी आणि ओसरीचं तळं. तेव्हा कडूबा मिस्त्रीला बोलावणं गेलं.

कडूबा मूळचा धाड गावचा. मलकापुरात नळ आले तेव्हा चर खणायला आला आणि नळ जोडायला शिकून इथलाच झाला. त्याच्या सांध्यातून थेंब गळत नसे. मालधक्क्यावरचा एक नळ गंजून गंजून दोन्हीकडून झडून गेला, तरी कडूबाचा सांधा तेवढा जागच्या जागी हवेत लटकत होता आणि हमाल त्यातून पाणी पीत होते. मी स्टेशनवर पार्सलबाबू होतो, या डोळ्यांनी पाहिलंय. नाही पटत? राहू द्या. मलकापुरात माझं बोलणं असंही कोणी रुपयाला चार आण्यांच्या वर धरत नसे.

सांध्याचं लुकण तो घरचंच वापरायचा. शेंदूर, थोडा सफेदा आणि जवसाचं तेल. त्याची बायको झुंबरबाई ते पाट्यावर मळून द्यायची, पुरणाच्या पोळीची कणीक मळावी तसं, हाताला सुटेपर्यंत. तागाची बट त्या लुकणात बुडवून कडूबा ती दातओठांतून ओढून काढायचा, म्हणजे बट सारखी होते आणि आट्यांवर नीट बसते. दिवसभर त्याचे ओठ लाल. परक्याला वाटावं, मिस्त्री पान खाऊन आला. काम संपलं की बोटावर उरलेला शेंदूर आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या मारुतीला. शनिवारी तर वाटीभर, तेलासकट. दुकानातली पुडी एकच. नळालाही तीच, देवालाही तीच.

आमच्या दोन घरांत एक भिंत होती, तीही कुडाची. गेलं वर्षभर त्याच्या पोटात पीळ पडायचा, तेव्हा तो भिंतीला पाय लावून कण्हायचा आणि माझ्याकडची भांडी वाजायची. मग मनगट ढिलं पडायला लागलं. वारं शिरलंय, तो म्हणायचा. झुंबरबाई मारुतीच्या अंगावरचा शेंदूर नखानं खरवडून आणायची. निम्मा तेलात कालवून नवऱ्याच्या मनगटाला चोळायची, निम्मा गुळाच्या खड्यात घालून त्याच्या तोंडात.

हात गेला की मिस्त्री गेला. दुसरं काही त्याच्यापाशी नव्हतं. शेत धाड गावी, भावाकडं. लेकरू नाही. म्हणजे झाली होती, राहिली नव्हती. नळगंगा नदीच्या वरच्या अंगाला एक हिवराचं झाड आहे, तिथं त्यानं ती फडक्यात गुंडाळून एकेक करून नेली होती. अशा कामाला बायका जात नाहीत. झुंबरबाई जायची.

म्हणून वकिलांची टाकी. मलकापुरातला सगळ्यांत मोठा सांधा केला, तर त्याच्या हाताबद्दल तोंड उघडायची कोणाची छाती होणार नव्हती. पान्याला फडकं गुंडाळून, डाव्या हाताचा जोर लावून, दातांत बट धरून त्यानं ती टाकी बांधली. काचेच्या कडांनी लालभडक लुकण असं दाबून बसवलं की टाकीला कुंकवाची चौकट काढल्यासारखं दिसायला लागलं.

समुद्र पॅसेंजरनं आला. लाकडी पिंपांत मुंबईचं पाणी, त्यांतल्याच दोन पिंपांत मासे. वकिलांचा माणूस गार्डाच्या डब्यात बसून काठीनं पाणी ढवळत आला होता, तरी निम्मे मासे कसाऱ्याच्या घाटातच आटोपले. उरलेले फलाटावर उतरले तेव्हा स्टेशनमास्तरांपासून हमालांपर्यंत सगळ्यांनी पाण्यात बोट बुडवून चाखलं. “खरंच खारट हाये बे!” एकानं तांब्याभर घरी नेलं. एका म्हशीनं पिंपात तोंड घातलं, तर तिचं दूध पंधरवडाभर खारट येत होतं आणि मालकाचं ताकातलं मीठ वाचलं.

मासे बोटभर, पिवळ्या पट्ट्यांचे. त्यांत एकच निळा. झुंबरबाई वकिलांकडं भांडी घासायची. तिनं पिंपात डोकावून पाहिलं आणि तोंडाला पदर लावला.

“बाप्पा! हे तं वरातीले निंगाल्यासारखे सजून आले.”

निळ्याचं नाव तिनं निळोबा ठेवलं. तो जाळीत सापडेना, म्हणून पिवळ्या पट्ट्यांच्या एका माशासोबत मुंबईच्या पिंपातच राहिला. बाकीचे टाकीत सोडले.

थेंब गळला नाही. सगळं मलकापूर लोटलं. शेटजींची बग्गीसुद्धा थांबली. लोक मासे पाहायला यायचे आणि कडूबा सांधे पाहायला. वकिलांनी चारचौघांत त्याच्या पाठीवर थाप मारली, “कडूबा, सांधा करावा तो तूच!” त्या संध्याकाळी तो मारुतीपुढं बराच वेळ उभा होता आणि उजवा हात त्यानं डाव्या हातानं धरून कपाळापर्यंत नेला होता.

आठवडा सरायच्या आत मासे बिघडले. आधी वर येऊन तोंड उघडायला लागले, मग कुशीवर पोहायला लागले, मग तळाशी. वकिलांनी खाणं बदललं, पाणी बदललं, टाकीवर ओला पडदा टाकला. टाकीत एक उरला नाही. पिंपात जे राहिले होते, ज्यांना पाहायला कोणी येत नव्हतं, ते मात्र मजेत होते.

वकील माणूस वाईट नव्हता, पण पुराव्याशिवाय त्याला घास गिळवत नसे. एका रविवारी सकाळी त्यांनी ओसरीवर लोणच्याच्या दोन काचेच्या बरण्या मांडल्या. दोन्हींत पिंपातलंच पाणी. दोन्हींत एकेक मासा.

“पाणी तेच, मासा तोच,” ते म्हणाले. “फरक काय? टाकीत तुझं लुकण आहे, पिंपात नाही. आता एका बरणीत सुपारीएवढं लुकण टाकू. काय ते माशालाच सांगू दे.”

“शेंदूर देवाचा हाये, वकीलसाहेब.”

“मग भितोस कशाला?”

“भेत नाही. टाका.”

“निळ्याच्यात नोका टाकू,” झुंबरबाई आतून म्हणाली. हातात राखेचं भांडं तसंच.

लुकण पिवळ्या पट्टेवाल्या माशाच्या बरणीत पडलं. आम्ही बसलो. चहा झाला, सुपारी झाली. मी माझी ती वाघाची आणि गार्डाच्या कंदिलाची गोष्ट सांगितली, कोणी ऐकली नाही. ऊन ओसरीवरून भिंतीवर चढलं तेव्हा पट्टेवाला एका अंगाला कलला. सावरला. पुन्हा कलला. निळोबा आपल्या बरणीत गरगर फिरत होता. झुंबरबाई हातातलं काम टाकून बरणीशी येऊन बसली होती. तिचे ओठ माशासारखे हलत होते. दिवे लागायच्या आधी तो मासा वर आला, पोट वर करून, आणि तसाच राहिला.

“झालं,” वकील हळूच म्हणाले. जिंकल्याचा आवाज नव्हता तो.

“काय झालं?” कडूबा ताडकन उठला. “मासा तो! नाजूक जात! त्याच्यावरून शेंदराले नावं ठेवता? मी हाच शेंदूर रोज दातातून काहाडतो. पोटात जाते माह्या. माही बायको रोज मळते. मी काय आडवा झालो? मले काय झालं? पाहा, पाहून घ्या सगळे!”

आणि त्यानं दोन्ही हात वर केले.

डावा हात वर गेला, पाचही बोटं ताठ. उजवा कोपरापर्यंत, मनगटापर्यंत वर गेला. पुढचा पंजा खाली लोंबला. ओलं फडकं दोरीवर टाकावं तसा. त्याच्या ते लक्षातही आलं नाही. तो आमच्याकडं पाहत होता, आणि आम्ही सगळे त्या पंजाकडं.

झुंबरबाई उठली. वाळत घातलेला कपडा काढावा तशी तिनं त्याचा हात वरून खाली घेतला.

“चाला घरी,” ती म्हणाली.

वकिलांनीच अकोल्याच्या डॉक्टरला चिठ्ठी दिली आणि मला सोबत धाडलं. डॉक्टरनं हात पाहिला, मग कडूबाचा खालचा ओठ अंगठ्यानं ओढला. हिरडीच्या कडेनं काळसर निळी रेघ होती, शाईनं आखल्यासारखी.

“शेंदूर म्हणजे शिसंच असतं,” डॉक्टर म्हणाले. “अंगात मुरलंय. ते काम आजपासून बंद. पोटाचं थांबेल. हाताचं मी सांगू शकत नाही.” मग जरा थांबून विचारलं, “मुलं किती?”

“राह्यले नाही.”

“हे लुकण घरी कोण मळतं म्हणालात?”

“बायको. तिच्यासारखं कोनी मळत नाही, डाक्टरसाहेब.”

डॉक्टर उठले. हात धुवायला गेले ते बराच वेळ धूतच राहिले.

परतीच्या गाडीत कडूबा खिडकीशी बसला होता. नांदुरा गेल्यावर एकदम बोलला, “गुलाबभाऊ, डाक्टर चुकला नाही. पन त्याले अर्धंच समजलं. कामाचा शेंदूर दुकानातून येते. देवाचा शेंदूर देवाच्या आंगावरून येते. कामाचा सोडतो. देवाचा काऊन सोडू?”

“अबे, देवाच्या अंगावर तूच दुकानातला लावतोस ना?”

“हाव. पन लावल्यावर तो देवाचा होते.”

उत्तराशिवाय राहायची मला सवय नाही. तरी मलकापूर येईपर्यंत मी बाहेरचे तारेचे खांब पाहत बसलो.

त्यानं काम सोडलं. वकिलांनी टाकीत सरकी भरली. निळोबा पिंपात एकटाच पावसाळा काढून गेला. कडूबा दिवसभर ओट्यावर बसायचा आणि संध्याकाळ झाली की आत हाक मारायचा, “आन वं, देवाचं दे.” झुंबरबाई गुळाचा लाल खडा त्याच्या तोंडात घालायची आणि मनगट चोळून द्यायची.

आणि काय सांगू, गुण आला! दिवाळीच्या सुमाराला माझी भांडी वाजायची थांबली. तो जेवायला लागला, रात्र रात्र झोपायला लागला, तोंडावर तेज आलं. पंजा काही उचलत नव्हता, पण त्याची त्याला आता फिकीर नव्हती. “जसं पोट थांबलं तसा हातबी येईन,” तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. “डाक्टर म्हने शेंदरानं झालं. अबे, शेंदरानंच गेलं! वकीलसाहेबाले सांगा, आता बरनीत मले टाका म्हना.” आमच्या गल्लीतून मारुतीला नारळांची रांग लागली. पिंपळगाव राजाहून एक जण बैलाचं पोट दुखतं म्हणून बैलालाच घेऊन आला होता.

संक्रांत झाल्यावर एक दिवस कडूबानं पान्यावरची धूळ झटकली. नव्या धर्मशाळेला नळ घालायचे होते. “ज्याच्या शेंदरानं बरा झालो त्याच्याच शेंदराले काय भ्याचं?” असं म्हणून तो दुकानातून शेंदराचा डबा घेऊन आला. पुडी नाही, डबा.

त्याच दुपारी झुंबरबाई माझ्या दाराशी आली. आत आली नाही, चौकटीला धरून उभी राहिली.

“गुलाबभाऊ, तुमाले म्हणून सांगून राह्यले. तुमी कोनाले सांगतलं तरी कोनी खरं मानत नाही.”

“बोल ना वं.”

“गेरू देऊन राह्यले मी त्यायले. भितीले लावतो तो. अकोल्याहून आले तेव्हापासून. मारुतीपाशी जाते, बोट लावते, तिथंच पुसून टाकते. पदरात गेरूची पुडी असते.”

मी चारपाईवरून पाय खाली घेतले.

“मग सांगून टाक त्याला.”

“सांगतलं तं त्यायचा देव जाते. नाही सांगतलं तं ते जातेत.” ती चौकटीचा रंग नखानं खरवडत होती. “वकिलाच्या बरनीत तो मासा तोंड उघडून राह्यला व्हता ना, तसेच उघडत जायेत गुलाबभाऊ. माहे लेकरं. आवाज निंघे नाही, निस्तं तोंड उघडेत. दिवस गेले का सासू मले मारुतीचा शेंदूर चाटाले देये. पोटातलं टिकावं म्हणून. शनवारचा शनवार.”

मलकापुरात मला गोष्टीचा शेवट कसा करायचा हे विचारायला लोक येत. ती मात्र उत्तरासाठी आली नव्हती. कुठंतरी बोलून पाहायचं होतं, तोंडातून निघतं का ते.

संध्याकाळी मी माझ्या ओट्यावर होतो, कडूबा त्याच्या. पाना उजव्या हाताला फडक्यानं बांधून तो वर उचलून पाहत होता. पाना कलत होता.

“आन वं, देवाचं दे. उद्या काम हाये.”

झुंबरबाईनं गुळाचा खडा आणला, त्याच्या तोंडात घातला आणि समोर बसली.

“हा गेरू हाये,” ती म्हणाली.

तो चघळत होता. चघळणं थांबलं.

“आज?”

“अकोल्याहून आल्यापासून.”

“मंग देवाचा शेंदूर?”

“देवापाशीच हाये.”

गल्लीत कुणाची तरी शेरडं घरी येत होती. ती जाईपर्यंत त्यानं खडा गिळला नाही. तोंडातलं थुंकलाही नाही.

“मंग माहं पोट कोनं थांबवलं, झुंबरे?”

“मले नाही माहीत. मी काही देलं नाही. मी निस्तं देनं बंद केलं.”

त्यानं फडक्याची गाठ दातांनी सोडायला तोंड खाली नेलं, आणि तिथंच थांबला. मग डाव्या हाताच्या बोटांनी चाचपत, फार वेळ लावून, गाठ सोडली. पाना ओट्यावर ठेवला. शेंदराचा डबा बायकोकडं सरकवला आणि उठून गल्लीच्या तोंडाकडं चालू लागला. मी मागोमाग गेलो. शेजारधर्म म्हणा, खोड म्हणा.

मारुती आमचा चांगला जाडजूड. शेंदराचे थर चढून चढून नाक, डोळे, हात सगळं बुजलेलं. लालबुंद गोळ्याला दोन चांदीचे डोळे. कडूबा पुढ्यात मांडी घालून बसला. लोंबता पंजा मांडीवर घेतला.

“जलमभर पानी भाईर जाऊ देलं नाही, गुलाबभाऊ,” तो म्हणाला. “आत काय जाऊन राह्यलं, ते नाही पाह्यलं.”

मी म्हटलं, “चल बे, घरी चल.”

तो हलला नाही. मारुतीकडं पाहत राहिला, आजाऱ्याला भेटायला आल्यासारखा.

“ह्याले बी किती लावला आपुन. पिढ्यान् पिढ्या. ह्याचं बी पोट दुखत असन.”

दुसऱ्या कोणाच्या तोंडून ऐकलं असतं तर मी ते वाक्य महिनाभर गावभर खपवलं असतं.

पुढच्या शनिवारपासून कडूबा मारुतीला नुसतं तेल घालायला लागला. डबा झुंबरबाईनं कुठं टाकला ते तिनं सांगितलं नाही. धर्मशाळेचं काम दुसऱ्यानं केलं. तिथले सांधे अजून गळतात. मारुतीची पूजा करणारे रंगराव गुरव कडूबावर कावले, “शेंदूर काऊन नाही बे?” तो म्हणायचा, “पुरे झाला त्याले.” दुसरे लोक लावायचेच, पण नारळांची रांग हळूहळू आटली. कडूबानं कोणाला गेरूचं सांगितलं नाही. मीही नाही. सांगितलं असतं तरी ती गोष्ट रुपयाला चार आणेच गेली असती.

दुसऱ्या उन्हाळ्यात, भर वैशाखात, मारुतीनं खोळ सोडली. कधीतरी सोडतो, आजोबांच्या वेळी एकदा सोडल्याचं म्हातारे सांगत. उन्हानं थराला तडा गेला आणि सगळं शेंदराचं कवच ढलप्यांनी गळून पायाशी पडलं. आतला दगड पाहायला लोक पुढं झुकले. केवढासा तो! दोन वर्षांच्या पोराएवढा, काळा, अंगानं काटकुळा. इतकी वर्षं आपण ज्याला नमस्कार करत होतो तो एवढाच होता, हे कोणाच्या तोंडून निघेना.

मग वाजंत्री आली. कवच वाजत-गाजत नळगंगेत सोडायचं, ही रीत. उन्हाळ्यातही एका डोहात पाणी असतं. रंगरावांनी ढलपे पाटीत भरायला घेतले.

“पाण्यात नको,” कडूबा म्हणाला.

डाव्या हातानं उजवा पंजा धरून तो गर्दीच्या पुढं येऊन उभा होता.

“अबे, रीत हाये ती.”

“रीत हाये, रंगरावभाऊ. पन मासे असतेत पाण्यात.”

कोणीतरी मागून हसलं. वकील तिथंच होते. त्यांनी मागं वळून त्या माणसाकडं पाहिलं आणि हसणं थांबलं. रंगराव पाटीकडं पाहत राहिले, कडूबाच्या पंजाकडं पाहत राहिले. वाजंत्रीवाल्यांनी सनई तोंडाशी नेली होती, ती खाली घेतली.

झुंबरबाई पुढं आली. तिनं आपल्या जुन्या लुगड्याचा धडपा जमिनीवर अंथरला, त्यात एकेक ढलपा मांडला, चारी कोपरे आत घेऊन गाठोडं केलं. शिशाचं ते, जड असणारच. तरी तिनं ते डोक्यावर घेतलं नाही. काखेला घेतलं, आणि दुसऱ्या हातात टिकाव.

कोणी अडवलं नाही. मी तेवढा मागं गेलो.

नळगंगेवरच्या त्या हिवराखाली जमीन मुरमाड आहे. कडूबाला टिकाव धरता येत नव्हता, तो उभा राहून नुसता म्हणाला, “तिथं नको. जराशी इकडं सरक.” ती सरकली. खणायला लागली. किती खोल जायचं, हे तिनं त्याला विचारलं नाही. कमरेएवढं झाल्यावर ती आपणहून थांबली, गाठोडं अलगद खाली ठेवलं, गाठ वरच्या बाजूला आहे ना ते पाहिलं. कडूबानं डाव्या हातानं माती लोटली. नंतर दोघांनी ती पायानं दाबली.

मग तिनं हिवराची एक काटेरी फांदी मोडून वर ठेवली आणि तिच्यावर दगड. कुत्र्यांनी उकरू नये म्हणून.

शेंदूर कोणतं कुत्रं उकरतं? पण हे मी तिला विचारलं नाही.